सुरांचा लगदा आणि ॲम्पच्या मागचे दोन जॅक : एक प्रकरण अभ्यास

तक्रार

कोथरूडमधल्या एका सरावखोलीत दर रविवारी वाजवणाऱ्या चार जणांच्या रॉक बँडचे साउंड मी पाहतो. त्यांच्या मुख्य गिटारवादकाने गेल्या पावसाळ्यात ४० वॅटचा, दोन चॅनेलचा ट्यूब ॲम्प घेतला आणि महिनाभरातच मला फोन करून सांगितले, की त्याचे डिले पेडल (वाजवलेल्या सुराचे पडसाद देणारे यंत्र) बिघडले आहे, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा. आधीच्या छोट्या ॲम्पवर तेच पेडल तीन वर्षे बिनतक्रार चालले होते. नव्या ॲम्पच्या क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजाच्या, चॅनेलवरही ते ठीक वाजत होते. ड्राइव्ह, म्हणजे फुटलेल्या आवाजाचे, चॅनेल लावून सोलो सुरू केला, की मात्र चार-पाच सुरांतच सगळ्याचा लगदा व्हायचा. डिलेचे प्रमाण कमी केले तर लगदा जायचा, पण मग क्लीन चॅनेलवर डिले ऐकूच यायचा नाही.

त्याची जोडणी अशी होती : गिटारमधून वॉ (पायाने आवाज ‘वॉ-वॉ’ करणारे), त्यातून ओव्हरड्राइव्ह (आवाज फोडणारे), मग बूस्टर (संकेत मोठा करणारे), फेजर (आवाजाला फिरकी देणारे), डिले, रिव्हर्ब (घुमणारी शेपटी जोडणारे) आणि शेवटी ॲम्पचे पुढचे इनपुट. पेडलांचा क्रम रूढ पद्धतीचाच होता आणि त्यात काही चूक काढण्यासारखे नव्हते. ॲम्पच्या मागच्या बाजूला ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे लिहिलेले, इफेक्ट्स लूपचे दोन जॅक होते. त्यांना खरेदीपासून कुणी हात लावला नव्हता.

निदान

पेडल खोलून पाहण्याआधी मी त्याला एक सोपी गोष्ट करायला सांगितली. डिलेची वेळ ४०० मिलिसेकंद ठेवायची, पाच-सहा पडसाद येतील इतपत फीडबॅक ठेवायचा, तळहाताने तारा दाबून एकच तार एकदाच छेडायची आणि हात काढून घ्यायचा. क्लीन चॅनेलवर एक स्पष्ट ‘टक्’ आला आणि त्यामागे प्रत्येक वेळी निम्म्याने लहान होत जाणारे पडसाद आले. पाचवा पडसाद कान देऊन ऐकावा लागत होता. ड्राइव्ह चॅनेलवर, गेन (संकेत किती वाढवायचा ते बटण) सातवर असताना, मूळ ठोक धरून चार ठोके जवळजवळ सारख्याच जोराचे आले, कुणी दार ठोठावावे तसे, आणि मग एकाएकी उतार लागला. पेडलाने दोन्ही वेळी अगदी एकच संकेत बाहेर सोडला होता. म्हणजे फरक पेडलाच्या पुढे, ॲम्पच्या आत पडत होता.

याचे कारण साध्या आकड्यांत मांडता येते. प्रीॲम्पचा, म्हणजे ॲम्पमधल्या पहिल्या भागाचा, एखादा टप्पा ज्या पातळीला संकेताची टोके कापू लागतो, ती पातळी १ धरा. गेन एवढा वाढवलेला आहे, की मूळ ठोक तिथे पोहोचेपर्यंत १० झालेली आहे. डिले प्रत्येक पडसाद निम्मा करतो, म्हणून पुढचे पडसाद ५, २.५, १.२५ आणि मग ०.६ च्या आसपास येतात. मूळ ठोक धरून पहिले चारही मर्यादेच्या वर असल्यामुळे चारही जवळपास एकाच उंचीवर छाटले जातात आणि कानाला सारखेच मोठे वाटतात. पाचवा तेवढा मर्यादेखाली राहतो. डिलेने जो उतार काळजीपूर्वक बांधून दिला होता, तो प्रीॲम्पने सपाट केला. रिव्हर्बचेही तेच झाले होते. विरत जाणारी शेपटी मूळ सुराच्या बरोबरीने पुढे येऊन बसत होती.

लगद्याचे दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे आणि त्याकडे कमी लक्ष जाते. या छाटणीतून, म्हणजे डिस्टॉर्शनमधून, दोन सूर एकत्र गेले, की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. गिटारची तिसरी मोकळी तार, म्हणजे जी, १९६ हर्ट्झला असते आणि दुसरी, म्हणजे बी, सुमारे २४७ ला. एकाचा पडसाद चालू असताना दुसरी तार छेडली, तर प्रीॲम्प त्या दोघांतून, एकाच्या दुपटीतून दुसरा वजा केल्यासारखे, १४५ आणि २९८ हर्ट्झचे सूर काढून देतो. डी हा सूर खालच्या सप्तकात साधारण १४७ ला आणि वरच्या सप्तकात २९४ ला असतो. म्हणजे न वाजवलेला डी दोनदा ऐकू येतो, एकदा किंचित उतरलेला आणि एकदा किंचित चढलेला. दोन सुरांतून एवढे निघत असेल, तर सोलोतले चार सूर आणि त्यांचे पडसाद एकमेकांवर आल्यावर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. डिले डिस्टॉर्शनच्या नंतर लावला, तर प्रत्येक सूर एकटाच डिस्टॉर्शनमधून जातो आणि पडसाद त्यात फक्त मिसळतात. नवे सूर जन्मत नाहीत.

इफेक्ट्स लूप नेमका याच कामासाठी असतो. ॲम्पचे ढोबळ दोन भाग असतात. प्रीॲम्प संकेत वाढवतो, त्याला घडवतो आणि आधुनिक ॲम्पमध्ये बहुतेक डिस्टॉर्शनही तोच तयार करतो. पॉवर ॲम्प त्या संकेताला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. लूप म्हणजे या दोहोंच्या मधली साखळी तोडून काढलेली वाट. सेंडमधून प्रीॲम्पचा संकेत बाहेर येतो, पेडलमधून फिरतो आणि रिटर्नमधून पॉवर ॲम्पकडे जातो.

हा जॅक नेहमीच होता असे मात्र नाही. १९६० च्या आसपास ‘द शॅडोज’चा गिटारवादक हँक मार्विन टेप एकोचा (फितीवर पडसाद तयार करणाऱ्या यंत्राचा) संकेत सरळ व्हॉक्स ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये सोडत असे आणि पुढे यू२ बँडच्या द एजनेही डिले व्हॉक्स एसी३० च्या पुढेच ठेवला. त्यात लगदा झाला नाही, कारण त्या ॲम्पचा आवाज मुळात स्वच्छ किंवा जेमतेम फुटणारा होता. मास्टर व्हॉल्यूम आल्यावर, म्हणजे आवाज लहान ठेवून प्रीॲम्प हवा तेवढा तापवण्याची सोय झाल्यावर, ही गरज खऱ्या अर्थाने निर्माण झाली. मार्शल या ॲम्प कंपनीचे २२०३ हे मास्टर व्हॉल्यूमचे मॉडेल १९७५ मध्ये आले. १९८१ च्या जेसीएम८०० मालिकेतल्या २२०३ लाही लूप नव्हता. पुढे त्या मॉडेलची पुनर्निर्मिती झाली, तेव्हा तो मागे बसवला गेला. त्यामुळे ‘डिले नेहमी लूपमध्येच’ हा जो नियम सर्रास सांगितला जातो, तो मला अर्धवट वाटतो. डिस्टॉर्शन कुठे तयार होते, हे विचारल्याशिवाय त्या नियमाला अर्थ नाही. आमच्या या गिटारवादक मित्राच्या बाबतीत ते प्रीॲम्पमध्ये तयार होत होते, म्हणून उत्तर लूप हे होते.

हलवाहलव

पुढच्या रविवारी सहा-सहा मीटरच्या दोन जास्तीच्या केबल घेऊन मी गेलो. डिले आणि रिव्हर्ब तेवढे मागे न्यायचे ठरले. पहिल्याच प्रयत्नात ॲम्प मुका झाला. त्याने सेंडची केबल पेडलाच्या आउटपुटला आणि रिटर्नची इनपुटला जोडली होती. नावांमुळे हा घोळ हमखास होतो. सेंड म्हणजे ॲम्प देतो ती बाजू, म्हणून ती पेडलाच्या इनपुटला जाते. रिटर्न म्हणजे ॲम्प परत घेतो ती बाजू. शिवाय रिटर्नच्या जॅकमध्ये बहुधा आतला स्विच असतो. त्यात केबल घुसवली, की प्रीॲम्पचा सरळ मार्ग तुटतो. त्यामुळे दुसरे टोक कुठेच जोडलेले नसले, तरी ॲम्प गप्प होतो आणि माणसाला ट्यूब गेल्याची धास्ती बसते.

केबल बदलल्यावर आवाज आला आणि ‘टक्’ची चाचणी ड्राइव्ह चॅनेलवर जशी हवी तशी ऐकू आली : मूळ ठोक डिस्टॉर्शनने भरलेली आणि तिच्यामागचे पडसाद तितकेच भरलेले, पण प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. फक्त जोरात छेडले, की पडसादांच्या सुरुवातीला एक चरचर येत होती, कोरडा कागद फाटल्यासारखी. हा दोष पातळीचा होता. गिटारमधून येणारा संकेत लहान असतो आणि पेडल त्याच हिशेबाने बनवलेली असतात, तर काही ॲम्पचा सेंड स्टुडिओतल्या यंत्रांच्या पातळीवर संकेत देतो. अधिक ४ डीबीयू ही स्टुडिओची पातळी म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, आणि उणे १० डीबीव्ही ही खालची पातळी म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट, दोहोंत जवळपास चौपट अंतर आहे. वरून जोराच्या छेडीची टोके सरासरीच्या कितीतरी वर जातात, आणि ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलाच्या आत तेवढी जागा उरत नाही. या ॲम्पच्या मागे पातळीचा एक छोटा स्विच होता आणि तो वरच्या स्थितीत होता. तो उणे १० वर ओढला आणि चरचर गेली. असा स्विच नसेल, तर चॅनेलचा व्हॉल्यूम कमी करून मास्टर वाढवून पाहावा. बऱ्याच ॲम्पमध्ये चॅनेलचा व्हॉल्यूम लूपच्या आधी आणि मास्टर नंतर असतो, म्हणून एकूण आवाज तेवढाच राहून पेडलाकडे जाणारा संकेत लहान होतो.

लूप सिरीज आहे की पॅरलल, हेही तेव्हाच पाहून घेतले. सिरीज लूपमध्ये सगळा संकेत पेडलमधून जातो. पॅरललमध्ये मूळ संकेत ॲम्पच्या आतूनच पुढे जातो आणि पेडलाचा आवाज त्यात मिसळला जातो. लूपमध्ये तात्पुरता ट्यूनर लावून तो म्यूट केला आणि आवाज पूर्ण बंद झाला, म्हणजे लूप सिरीज होता. गिटार तरीही ऐकू येत राहिली असती, तर डिलेचा मूळ आवाज पेडलातच बंद करून फक्त पडसाद बाहेर काढावे लागले असते.

मग गुणगुण सुरू झाली. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकरमधून वीजपुरवठ्याची ओळखीची घरघर येत होती. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली. पेडलांची जुनी जोडणी होती तोपर्यंत ती नव्हती. मला शंका आली ती अडॅप्टरची. सहाही पेडल एकाच अडॅप्टरवर, अनेक फाटे असलेल्या एकाच वायरीने चालत होती. पुढच्या पेडलांची अर्थ, म्हणजे अर्थिंगची जोडणी, गिटारकडून येणाऱ्या केबलच्या जाळीतून ॲम्पला जोडलेली, मागच्या दोघांची लूपच्या केबलमधून जोडलेली, आणि अडॅप्टरच्या ऋण तारेने हे दोन्ही गट पुन्हा एकमेकांना जोडलेले. असे बंद कडे तयार झाले, की आजूबाजूच्या विजेचा प्रभाव त्यात घुसतो. डिले पेडल बॅटरीवर आणि रिव्हर्ब काढून चालवले, तर घरघर बंद. उपाय म्हणून मागच्या दोन पेडलांसाठी एकमेकांपासून विलग आउटपुट असलेला पुरवठा घेतला, आणि लूपच्या दोन्ही केबल एकत्र बांधून नेल्या, म्हणजे त्यांच्यामधले क्षेत्र कमी राहते. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गुणगुण घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे हा उपाय काही ठिकाणी बिनदिक्कत केला जातो. ट्यूब ॲम्पच्या आत शेकडो व्होल्ट असतात, आणि त्यात काही बिघाड झाला, तर गिटारच्या तारांवर हात ठेवलेला माणूस आणि ते व्होल्ट यांच्यामध्ये अर्थ हेच एक संरक्षण असते.

बाकीची पेडल पुढेच राहिली. वॉ आणि ओव्हरड्राइव्ह लूपमध्ये नेऊ नयेत, हे मित्राने स्वतः करून पाहिले तेव्हा त्याला पटले : प्रीॲम्पने आधीच भरून दिलेल्या आवाजावर ओव्हरड्राइव्हने पुन्हा काम केले, तेव्हा माशी गुणगुणावी तसा एक पातळ आवाज झाला आणि आवाजाची पातळी धाडकन वर गेली. फेजरवर आम्ही अर्धा तास घालवला. पुढे ठेवला, तर त्याची फिरकी डिस्टॉर्शनच्या आत मिसळते, दाट होते. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा एमएक्सआर फेज ९० हा फेजर असाच मार्शलच्या पुढे होता. लूपमध्ये ठेवला, तर तीच फिरकी वरून स्वच्छ, रुंद ऐकू येते. यात बरोबर-चूक असे काही नाही. मित्राने फेजर पुढे ठेवला, आणि मला वाटते त्याच्या वाजवण्याला तेच शोभते.

बूस्टरचे मात्र नवल झाले. सोलोच्या वेळी मोठे व्हावे म्हणून तो बूस्टर दाबत असे आणि ड्रमर नेहमी तक्रार करत असे, की सोलो ऐकू येत नाही. ड्राइव्ह चॅनेलवर पुढच्या बूस्टरने संकेत मोठा केला, तरी प्रीॲम्प त्याला त्याच उंचीवर छाटत होता. त्यामुळे सूर लांबत होते, आवाज वाढत नव्हता. बूस्टर लूपमध्ये, डिलेच्या आधी आणला, आणि पाय पडताच सोलो बँडच्या वर येऊन उभा राहिला. पडसादही त्याच प्रमाणात वाढले. लूपचा हा उपयोग पेडल विकत घेताना कुणी सांगत नाही, पण माझ्या मते रोजच्या कामात तो डिलेइतकाच मोलाचा आहे.

मंचावर

डिसेंबरात एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, उघड्या पटांगणात, कार्यक्रम होता. सरावखोलीत मास्टर तीनच्या पुढे कधी गेला नव्हता. इथे ड्रमरने पहिल्याच तालमीत मोठे वाजवायला सुरुवात केली आणि मित्राने मास्टर आठवर नेला. दुसऱ्या गाण्याच्या सोलोत मला मिक्सरजवळ पुन्हा तोच लगदा ऐकू आला. जुन्याइतका खडबडीत नाही, थोडा मऊ, पण पडसाद पुन्हा एकसारखे झालेले. मित्राला वाटले, लूपची केबल सुटली आणि ॲम्प परत सरळ मार्गाने वाजतो आहे. केबल जागच्या जागी होत्या.

या वेळी डिस्टॉर्शनची जागा बदलली होती. मास्टर एवढा वर नेल्यावर लूपच्या पुढचा भाग, म्हणजे पॉवर ॲम्पमधले फेज इन्व्हर्टर आणि आउटपुट ट्यूब, स्वतःच संकेत छाटू लागले होते. लूप या भागाच्या आधी येतो. त्यामुळे डिले पुन्हा डिस्टॉर्शनच्या आधी आला होता, एका टप्प्याने उशिरा एवढेच. जुन्या, मास्टर नसलेल्या ॲम्पमध्ये आवाज वाढवून फुटवण्याची जी पद्धत होती, तिच्यात लूप बसवूनही फारसे का साधत नाही, याचेही कारण हेच. तिथे डिले लावायचा असेल, तर तो स्पीकरच्या आवाजावर, म्हणजे मिक्सरमध्ये लावावा लागतो.

तालीम थांबवून मास्टर चारवर आणला, स्पीकरच्या कोनाजवळ, मध्यापासून थोडा बाजूला, एक शुअर एसएम५७ माइक उभा केला आणि मोठेपणाचे काम पीएवर, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या स्पीकर यंत्रणेवर, सोपवले. मित्र सुरुवातीला नाखूश होता. पायाजवळ हवा हलत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. मंचावरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये त्याची गिटार वाढवून दिली, तेव्हा तो शांत झाला. कार्यक्रमात सोलो स्वच्छ आले, पडसाद उतरत गेले, आणि मास्टर कुठे ठेवायचा हे त्याने चिकटपट्टीवर लिहून ॲम्पच्या मागे, सेंडच्या जॅकशेजारी लावून ठेवले.

त्या रात्री दुसऱ्या गिटारवादकालाही लूप हवा झाला. त्याचा ॲम्प क्लीनच राहतो. सगळे डिस्टॉर्शन त्याच्या पेडलातून येते आणि डिले त्या पेडलाच्या नंतरच आहे. म्हणजे जे काम लूपने पहिल्यासाठी केले, ते याच्या बोर्डवर क्रमानेच झालेले होते. तरी पुढच्या रविवारी त्याच्या हट्टासाठी डिले मागे लावून पाहिला. ‘टक्’ची चाचणी दोन्ही जागी घेतली, डोळे मिटून घेतली, जागा न सांगता घेतली, कोणती कोणती, हे त्याला ओळखता आले नाही. मग त्या दोन लांब केबल गुंडाळून मी माझ्या पिशवीत टाकल्या.